मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: खरे तास किती? (इन्सुलिनच्या वेळेसाठी हवंय)

पासबुक (सहकारनगर, पुणे)

नमस्कार मंडळी.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आमचे हे लेकीकडे चाललोय, सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, बॅगांची वजनं, सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते एकाच प्रश्नावर, आणि तो ऐकायला इतका सोपा आहे की कोणी मनावरच घेत नाही. मुंबईहून विमान सुटल्यापासून सॅन फ्रान्सिस्कोला पोचेपर्यंत खरे तास किती?

कारण सांगते. यांना रोज रात्री साडेनऊला इन्सुलिन असतं, दिवसातून एकदाच. वेळेचे इतके पक्के की लग्नाच्या पंगतीतही साडेनऊ वाजले की शर्ट वर करून कोपऱ्यात उभे. प्रवासाचं विचारायला डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी आधी दोनच गोष्टी विचारल्या. एकूण प्रवास किती तासांचा, आणि पुण्यातल्या शेवटच्या डोसानंतर तिथले रात्रीचे साडेनऊ किती तासांनी वाजणार? हे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरातला हिशेब माझ्याकडे असतो. माझी सगळी नोकरी बँकेत गेली. पण हातात तिकिटाचा कागद होता आणि त्यावर फक्त निघायची आणि पोचायची वेळ. "पहाटे साडेचारला निघतो, दुपारी बारा पन्नासला पोचतो, त्याच दिवशी," मी वाचून दाखवलं. "म्हणजे आठ तास वीस मिनिटांत अमेरिका?" डॉक्टर म्हणाले. "नीट काढून आणा, मग डोस सांगतो."

कागदावर आहे ते असं. सगळ्या वेळा त्या त्या गावच्या.

जाताना: मंगळवारी पहाटे 4.30 मुंबई, सकाळी 6.05 दुबई. दुबईहून 8.50, सॅन फ्रान्सिस्को दुपारी 12.50, तोच मंगळवार.

येताना, एप्रिलमध्ये: मंगळवारी दुपारी 4.45 सॅन फ्रान्सिस्को, बुधवारी संध्याकाळी 7.25 दुबई. दुबईहून रात्री 10.10, गुरुवारी पहाटे 2.35 मुंबई.

जावई म्हणाले, साडेतेरा तासांचा फरक धरा. धरला. जातानाचे एकवीस तास पन्नास मिनिटं निघाले. तोच फरक परतीला धरला तर वीस तास वीस मिनिटं. पण लेकीने तिच्या फोनवर बघून परतीचं सांगितलं, ते एकवीस तास वीस मिनिटं. बरोब्बर एका तासाचा फरक! बँकेत असा फरक आला असता तर सापडेपर्यंत कोणी घरी गेलं नसतं. त्यामुळे जातानाच्या आकड्यावरही माझा भरवसा उरलेला नाही.

म्हणून नेटवर अंतर शोधलं. तिथे पुणे ते सॅन फ्रान्सिस्को साधारण 13,500 किलोमीटर आणि 'उड्डाणाचा वेळ 15 तास'. दुसरीकडे सतरा. मग नातवाचा पृथ्वीगोल काढला आणि दोरा लावून पाहिला. दोरा मुंबईवरून काश्मीर, सैबेरिया करत पार वर बर्फात गेला आणि अलास्कावरून खाली आला. आमचं विमान मात्र आधी दुबईला, म्हणजे भलत्याच बाजूला. मग हे 13,500 कुठल्या रस्त्याचे?

लेक म्हणते, "आई, सीटसमोरच्या स्क्रीनवर सगळं दिसतं." ते उडाल्यावर. डॉक्टरांना आधी सांगायचंय. आकडा तर हवाच, पण रीतही दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी माझं मला करता येईल.

* * *

पेठेतला

तिकिटावर प्रवासाचा कालावधी छापलेला असतो. वाचण्याचे कष्ट घ्यावेत.

* * *

पासबुक

एजंटने दिलेल्या कागदावर नाही. चष्मा लावून दोन्ही बाजूंनी पाहिलाय. एजंटला फोन केला तर म्हणाला, "काकू, वीस-बावीस तास धरून चला." धरून चालायला तो काय रिक्षाचा मीटर आहे?

* * *

त्रिज्या

पासबुकताई, तुमचं जातानाचं उत्तर बरोबर आहे. परतीचं लेकीचं बरोबर आहे. आणि जावई निम्मे बरोबर आहेत.

तुमचा हरवलेला तास अमेरिकेच्या घड्याळात आहे. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. तुम्ही नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाताय, म्हणजे घड्याळं मागे घेऊन झालेली असतील. तेव्हा सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. एप्रिलमध्ये परत याल तेव्हा ती पुढे केलेली असतील, म्हणून फरक साडेबाराच. दुबईत असली भानगड नाही, ते बारा महिने आपल्यापेक्षा दीड तास मागे.

आता रीत. कागदावरची प्रत्येक वेळ पुण्याच्या वेळेत लिहा आणि मग सरळ वजाबाकी करा. दोन गावांच्या दोन घड्याळांची वजाबाकी एकमेकांतून कधीच करू नका.

मुंबईहून निघालात, मंगळवार पहाटे 4.30. दुबईला पोचलात तेव्हा पुण्यात 7.35. म्हणजे पहिलं उड्डाण तीन तास पाच मिनिटं. दुबईहून सुटलात तेव्हा पुण्यात सकाळचे 10.20, म्हणजे मधला थांबा पावणेतीन तास. सॅन फ्रान्सिस्कोचे दुपारचे 12.50 म्हणजे पुण्यात मंगळवार-बुधवारच्या मध्यरात्रीनंतरचे 2.20. दुसरं उड्डाण सोळा तास. बेरीज एकवीस तास पन्नास मिनिटं. हा तुमच्या डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचा आकडा.

दुसऱ्या प्रश्नाचा त्याहून महत्त्वाचा. सोमवारी रात्री साडेनऊला पुण्याच्या वेळेने डोस झाला. तिथे मंगळवारी रात्रीचे साडेनऊ वाजतील तेव्हा पुण्यात बुधवार सकाळचे अकरा झालेले असतील. दोन्हींत साडेसदतीस तास. मध्ये पुण्याचे मंगळवारचे साडेनऊ येऊन जातात, ते तुम्ही विमानात असताना: दुबई सोडून अकरा तास दहा मिनिटं झाली असतील आणि उतरायला चार तास पन्नास मिनिटं बाकी असतील. तिथे तेव्हा सकाळचे आठ. म्हणजे नेहमीच्या चोवीस तासांनी डोस घेतला तर विमानात, आणि त्यानंतर तिथली रात्र साडेतेरा तासांनी. किती आणि कधी हे डॉक्टरांचं काम. त्यांना हे चार आकडे कागदावर लिहून द्या.

आता दोरा. तुमचा दोरा खोटं बोलत नाही. पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये ताणून धरलेला दोरा हाच सर्वांत जवळचा रस्ता, आणि तो मुंबईपासून साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. नेटवरचे आकडे याच दोऱ्याचे. शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे आपल्याला वाटतं की अमेरिका डावीकडे, युरोपच्या पलीकडे. खरं तर आपल्याला ती उत्तरेच्या अंगाने जवळ पडते.

पण तुमच्यासाठी दुबईचा दोरा लावून बघा, फार मजेशीर आहे. दुबई साधारण 55.4 अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को 122.4 अंश पश्चिम. बेरीज जवळपास 178. 180 झाली असती तर दोन्ही गावं पृथ्वीच्या बरोब्बर समोरासमोरच्या रेखांशांवर आली असती आणि दोरा थेट उत्तर ध्रुवावरून गेला असता. दोन अंशच कमी आहेत, म्हणून तो ध्रुवाला अगदी खेटून जातो, साधारण दोनशे किलोमीटरवरून. त्यामुळे अंतर तोंडी काढता येतं. दुबई विषुववृत्ताच्या 25.25 अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून 64.75 अंश. सॅन फ्रान्सिस्को 37.6, म्हणजे ध्रुवापासून 52.4. दोन्ही मिळून 117.15 अंश. एका अंशाला 111 किलोमीटर धरा: 13,000 किलोमीटर. प्रत्यक्षात 13,040 च्या आसपास आहे, कारण ध्रुवाकडे एक अंश थोडा लांब होतो. मुंबई-दुबईचे 1,930 मिळवा. एकूण जवळजवळ 15,000. म्हणजे दुबईचा वळसा दीड हजार किलोमीटरच्या आतबाहेर. एवढी लांब गावं असताना तो काही फार नाही.

* * *

लोहगावकर

त्रिज्या सरांनी (सरच असणार, खडूचा वास येतोय) दोऱ्याचं मस्त सांगितलं. पण विमान दोऱ्यावरून चालत नाही, म्हणून माझे चार शब्द.

त्या साइटवरचे पंधरा तास म्हणजे 13,500 भागिले 900. बस. कोणीतरी ताशी 900 किलोमीटर हा वेग ठरवून टाकला आणि भागाकार केला. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाण्याचा वेळ नाही, वर चढण्या-उतरण्याचा नाही आणि वारा तर नाहीच नाही. तिकिटावरच्या वेळेत गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंत सगळं धरलेलं असतं, वर थोडा जादा वेळही. म्हणून विमान कधी कधी 'वीस मिनिटं लवकर' पोचतं आणि सगळे खूश होतात.

वाऱ्याचं असं की साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, जेट स्ट्रीम. विमान हवेत ताशी 900 नेच जातं, पण हवाच 150-200 ने सरकत असेल तर जमिनीवरचा हिशेब बदलतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीच्या दिशेने चालणं आणि उलटं चालणं यात जो फरक, तोच. 2024 च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनहून लंडनला जाणाऱ्या एका विमानाचा जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी जवळपास 1,290 किलोमीटर नोंदला गेला होता. ध्वनीचा वेग मोडला म्हणून लोक नाचले, पण भोवतालच्या हवेच्या हिशेबात ते नेहमीच्याच चालीने चाललं होतं.

आणि हे उदाहरण डोक्यात ठेवा, कारण 'अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त' हे त्याने पार मोडतं. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को थेट विमान 2015 च्या डिसेंबरात सुरू झालं, ते युरोप आणि अटलांटिकवरून जायचं. 2016 च्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून 15,300 किलोमीटर झालं, त्या वेळचं जगातलं सर्वांत लांब विनाथांबा उड्डाण. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा दीड-दोन तासांनी कमी. का, तर अटलांटिकवर वारा तोंडावर यायचा आणि पॅसिफिकवर तो पाठीशी. दोऱ्याचं अंतर पाहाल तर दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को साडेबारा हजारसुद्धा नाही.

तुमच्या दुबईच्या विमानाला मात्र वाऱ्याची ना मदत ना त्रास, कारण ते दक्षिणोत्तर जातं आणि वाऱ्याचा पट्टा आडवा कापतं. म्हणूनच तुमचं जाणं सोळा तास आणि येणं पंधरा तास चाळीस मिनिटं, फारसा फरक नाही. अटलांटिकवरून गेला असतात तर येण्या-जाण्यात याहून बराच जास्त फरक दिसला असता.

आणखी एक भानगड परवानग्यांची. 2022 पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या विमानांना रशियाचं आकाश बंद आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या कित्येक विमानांचे तास वाढले. विमानतळ तेच, अंतर दोऱ्याने तेच, पण विमान कुठल्या देशाचं आहे त्यावर प्रवास बदलतो. म्हणून साइटवरचं अंतर बघा, पण वेळ तिकिटावरूनच काढा.

* * *

पेठेतला

मुळात पुण्याहून थेट विमान का नाही, हा खरा प्रश्न आहे. एवढं आयटी आहे, निम्मी पेठ कॅलिफोर्नियात आहे.

* * *

लोहगावकर

निम्मी पेठ तिकडे गेल्यावर इथे गाडी लावायला तरी जागा मिळायला हवी होती, तीही मिळत नाही.

आता गंभीरपणे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, आपण तिथे पाहुणे. धावपट्टी अडीच किलोमीटरहून जराशीच लांब. सोळा तासांचं इंधन पोटात भरलेलं मोठं विमान त्यावरून उठवणं कठीण. मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या जवळपास, दुबईच्या चार किलोमीटरच्या वर. 2008 साली लुफ्थान्साने लोहगाव-फ्रँकफर्ट सुरू केलं, तेही छोट्या विमानाने. 2024 मध्ये नवं टर्मिनल झालं, चकचकीत आहे, पण टर्मिनल नवं झालं म्हणून धावपट्टी लांब होत नाही. पुरंदरचा नवा विमानतळ होईल तेव्हा होईल.

थेट विमानाचं म्हणाल तर बंगळूरचं उदाहरण आहे. 2021 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिलं विनाथांबा विमान आलं, सुमारे 14,000 किलोमीटर, उत्तर ध्रुवावरून, आणि चारही वैमानिक महिला होत्या.

* * *

पासबुक

त्रिज्या सर, तुमच्या रीतीने परतीचंही करून पाहिलं. सॅन फ्रान्सिस्को दुपारी 4.45, साडेबारा तास मिळवले, पुण्यात बुधवार पहाटे 5.15. मुंबईला गुरुवारी पहाटे 2.35. वजाबाकी एकवीस तास वीस मिनिटं. तुकड्यांनी पण केलं: 15.40 अधिक 2.45 अधिक 2.55. जुळलं! जावयांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "हो, डेलाइट सेव्हिंग, विसरलोच." एवढी वर्षं तिकडे राहून!

पण आता नवीनच काळजी. ध्रुवावरून म्हणजे खरंच ध्रुवावरून? यांना सांगितलं तर लगेच म्हणाले, माझा मफलर वरच्या बॅगेत ठेव. आणि इन्सुलिन गोठणार नाही ना?

* * *

त्रिज्या

ताई, मफलर ठेवा, पण तो एसीसाठी. बाहेर उणे पन्नास-साठ असलं तरी आत नेहमीचंच तापमान असतं. वैमानिकांना खरी काळजी इंधनाची असते, कारण विमानाचं इंधन उणे 40 ते 47 च्या दरम्यान गोठायला लागतं. म्हणून पंखांतल्या टाक्यांचं तापमान ते सतत बघत असतात, आणि फारच उतरलं तर खालच्या उबदार हवेत येतात किंवा वेग वाढवतात. रस्ताही रोज तोच नसतो. त्या दिवशीचा वारा, परवानग्या, सूर्यावरची वादळं बघून ध्रुवापासून कमी-जास्त अंतरावरून नेतात.

तुम्हाला सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. शक्य असेल तर दुबईहून एक सीट खिडकीची घ्या. सकाळी 8.50 ला लख्ख उन्हात निघाल. पाच-सहा तासांत, रशियाच्या उत्तर टोकाकडे, सूर्य क्षितिजाला टेकेल आणि अंधार होईल, कारण नोव्हेंबरच्या मध्याला साधारण 72-73 अंशांच्या वर सूर्य उगवतच नाही. तो अंधार पाचेक तास टिकेल. मग कॅनडाच्या उत्तरेला उजाडू लागेल, तेही त्याच मंगळवारी. एका तारखेला दोन सकाळी. आणि तुमच्या यांच्या डोसाची वेळ, म्हणजे पुण्याचे साडेनऊ, साधारण तिथेच येते. खिडकीबाहेर तेव्हा फटफटत असेल. त्यामुळे बाहेर बघून, जेवणाच्या ट्रॉलीवरून किंवा स्क्रीनवरच्या 'स्थानिक वेळे'वरून डोस ठरवू नका. साहेबांच्या हातात पुण्याच्या वेळेचं घड्याळ राहू द्या आणि ते उतरेपर्यंत कोणालाही फिरवू देऊ नका. फोन नेटवर्क मिळालं की आपोआप वेळ बदलतो, दुबईतसुद्धा. काट्याचं घड्याळ बरं.

इन्सुलिन हातातल्याच बॅगेत. सामानात टाकलेली बॅग जिथे जाते तिथे ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. शिवाय सामान चुकून दुबईत राहिलं तर? पेन, सुया, डॉक्टरांचं पत्र, औषधाची चिठ्ठी, सगळं एका पाऊचमध्ये. सुरक्षा तपासणीला आपणहून सांगावं.

* * *

घाटमाथा

सगळे आकाशात रमलेत. बाई सहकारनगरहून निघणार आहेत, मुंबई विमानतळापर्यंतची वाट कोणी हिशेबात धरलीच नाही!

पहाटे 4.30 चं विमान, म्हणजे रात्री दीडपर्यंत टर्मिनलवर. तुमच्या घरापासून तिथपर्यंत दीडशे किलोमीटरच्या आसपास. कागदावर साडेतीन तास. पण सहकारनगरहून चांदणी चौक ओलांडून वाकडला लागायलाच संध्याकाळी तास जातो. पुढे खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की विषय संपला. मागे मी एका शेअर टॅक्सीने गेलो होतो. ड्रायव्हरने "आपण आरामात पोचतो साहेब" म्हणत वाकडला आणखी एका सवारीसाठी थांबा घेतला आणि मी चेक-इन बंद होता होता धापा टाकत पोचलो. तेव्हापासून शेअर टॅक्सी मी फक्त येताना घेतो, जाताना कधीच नाही.

तर तुम्ही आठला निघालात तर साडेनऊचा डोस नेमका बोरघाटाच्या तोंडाशी, चालत्या गाडीत. त्यापेक्षा सातला स्वतःची गाडी करून निघा. साडेनऊच्या सुमारास खालापूरच्या फूड मॉलला पोचाल. उजेड आहे, टेबल आहे, हात धुवायची सोय आहे. डबा घरचाच न्या, तिथल्या पावभाजीचे भाव बघून साखर वाढते. आणि गर्दी लागलीच तर लोणावळ्याच्या आधी थांबायलाही जागा आहेत, पण घाट सुरू झाला की नाही.

आणखी एक. डॉक्टरांना तुम्ही एकवीस तास पन्नास मिनिटं सांगणार. पण घरातून संध्याकाळी सातला निघालात, की उतरेपर्यंतच एकतीस तास वीस मिनिटं होतात. पुढे इमिग्रेशनची रांग, सामान, आणि विमानतळापासून फ्रीमाँट पन्नासेक किलोमीटर. चौतीस तास धरा. झोप, पाय सुजणं, जेवणाच्या वेळा, या सगळ्याला तोच आकडा लागू. विमान त्यात सोळा आणि तीन तासांचंच.

* * *

पासबुक

घाटमाथा, तुम्ही आमच्या ड्रायव्हरलाच ओळखत असाल असं वाटलं. सातला निघायचं ठरवलंय. यांचं म्हणणं साडेसहा.

आज डॉक्टरांकडे कागद घेऊन गेले. तीन रकाने आखले होते: गावची वेळ, पुण्याची वेळ, शेवटच्या डोसापासून झालेले तास. डॉक्टरांनी पेन काढून थेट त्याच कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते इथे टाकत नाही, ज्याचं इन्सुलिन वेगळं त्याचा हिशेब वेगळा, उगाच कोणी उतरवून घ्यायला नको. पण त्यांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून ठेवून घेतली. म्हणाले, इथून नेहमी कोणी ना कोणी मुलांकडे जातच असतं. परतीचाही तसाच कागद करून आणायला सांगितलाय, कारण येताना दिवस लहान होतो आणि तेव्हा म्हणे जास्त जपायचं.

आता त्यांनी एकच नवीन विचारलं. सोळा तासांत विमानात जेवण कधी कधी देतात? गोळ्या जेवणाबरोबरच्या आहेत.

* * *

लोहगावकर

नक्की मिनिट कोणी सांगणार नाही, पण एवढ्या लांबच्या उड्डाणात साधारणपणे सुटल्यावर तास-दोन तासांत एक जेवण आणि उतरायच्या दोनेक तास आधी दुसरं. मधे मागाल तर काहीतरी खायला देतात. तुम्ही मागून घ्या, लाजू नका. बरोबर राजगिरा लाडू नाही, काहीतरी बिनसाखरेचं कोरडं ठेवा. आणि साखर अचानक उतरली तर म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या यांच्या खिशात, वरच्या कप्प्यात नाही.

डायबेटिक जेवण आधी सांगावं लागतं, बहुतेक कंपन्यांना निदान चोवीस तास आधी. एजंटला 'डीबीएमएल' (या जेवणाचा विमान कंपन्यांचा कोड) नोंदवायला सांगा, दोन्ही उड्डाणांना आणि परतीलाही. ते शाकाहारी असेलच असं नाही, हेही विचारून घ्या. हे जेवण बऱ्याचदा बाकीच्यांच्या आधी आणून देतात, त्यामुळे यांना मिळालं आणि तुम्हाला नाही म्हणून घाबरू नका.

* * *

पासबुक

एजंटला फोन केला. पलीकडून "काकू, अजून काही?" आलं. म्हटलं, हो, शाकाहारी आहे का ते विचार, परतीचंही नोंदव, आणि एकूण तास एकवीस पन्नास आहेत, वीस-बावीस नाहीत, पुढच्यांना नीट सांग.